पिवळ्या चिठ्ठीचा व्हिसा

दर गुरुवारी सकाळी दिंडोशीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग पडायचा. आत शंभरेक माणसं पासपोर्ट छातीशी धरून बसलेली असत. कुणाला कॅनडात मुलाकडे जायचं, कुणाला जर्मनीत शिकायचं. समोर पाटावर शिवदास महाराज. ते प्रत्येकाच्या पासपोर्टवर एक पिवळी चिठ्ठी ठेवत, सेविका नंदा पाण्याचा तांब्या पुढे करी आणि महाराज देवीला हाक मारत तीर्थ शिंपडत.

"आई, इमिग्रेशनच्या राक्षसाची दृष्ट काढ. याच्या बोटांचे ठसे पवित्र कर."

चिठ्ठी कुंकवासारखी लाल झाली तर व्हिसा मिळणार, पिवळीच राहिली तर नाही. महिन्याभराने बघावं तर बहुतेक वेळा महाराजांचं खरं झालेलं असे.

माझं दुकान हॉलच्या समोरच. अकरा वर्षं मी व्हिसाचे अर्ज भरून देते. महाराजांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. नंदा मात्र बुधवारी दुपारी चहाला यायची.

"या आठवड्यात कुणाकुणाचे फॉर्म भरलेस गं?"

मी सांगत सुटायचे. "तो बँकेतला निलेश, त्याचं होईल. पक्की नोकरी आहे, दोनदा बाहेर जाऊन आलाय. शेवंतीकाकूंचं कठीण वाटतं. एकट्या, कमाई नाही, कधी विमानात बसल्या नाहीत."

ती हे का विचारते, ते मला पहिल्या महिन्यात कळलं नाही. दुसऱ्या महिन्यात कळलं. तरी मी थांबले नाही. महाराजांकडून खूश होऊन निघालेली माणसं घरच्या आणखी कुणाचा तरी अर्ज भरायला थेट माझ्या दुकानात शिरत.

शेवंतीकाकू मालवणच्या. नवरा गिरणीत होता, तीन वर्षांपूर्वी गेला. लेक श्रुतिका युरोपात नर्स, तिचं पहिलं बाळंतपण होतं. काकूंची चिठ्ठी पिवळीच राहिली, आणि व्हिसाही नाकारला गेला. त्या पुन्हा महाराजांकडे गेल्या. महाराज म्हणाले, "नवऱ्याचा आत्मा वाट अडवतोय. तुझ्या हातून त्याच्या सेवेत चूक झाली आहे. एकवीस दिवस नुसत्या फळांवर राहा. औषध घ्यायचं नाही."

काकूंना मधुमेह. नवव्या दिवशी त्या जिन्यात कोसळल्या. शेजारच्या कमलताईंनी त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. कमलताई महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या.

मी भेटायला गेले तेव्हा काकू जाग्या होत्या.

"माजाच कायतरी चुकला असतला गो माधुरी," त्या म्हणाल्या. "तेंच्या आजारपणात एकदा मी वैतागान बोललंय. तेच तेंका लागला असात."

माझी मान वर होईना. नकाराचं पत्र मीच उघडलं होतं. त्यात इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की तुम्ही मायदेशी परत जाल याची आम्हाला खात्री वाटत नाही. मी काकूंना एवढंच सांगितलं होतं, "रिजेक्ट झालं काकू, पुन्हा ट्राय करू."

बाहेर कमलताईंनी मला गाठलं. "हळदीच्या डागावर साबण लावला की काय होतं?"

"लाल होतो."

"तसंच आहे हे. कागदाला हळद चोळलेली. एका तांब्यात चुन्याची निवळी, दुसऱ्यात साधं पाणी. पण कुणाचं होणार आणि कुणाचं नाही, हे त्याला कळतं कसं?"

मी काकूंच्या गोळ्या आणायचं निमित्त काढून निघाले. पुढचे चार दिवस नंदाचं नाव त्यांना सांगितलं नाही.

गुरुवारी कमलताई हॉलमध्ये पुढे गेल्या आणि नंदाच्या मागे ठेवलेले दोन्ही तांबे त्यांनी लोकांसमोर आणले. एकाच चिठ्ठीचे दोन तुकडे केले. एकावर या तांब्यातलं पाणी, दुसऱ्यावर त्या तांब्यातलं. एक लाल झाला, दुसरा पिवळाच राहिला. मग पिवळ्या तुकड्यावर पहिल्या तांब्यातलं पाणी घातलं. तोही लाल.

"रंगाचं सोडा ताई," निलेश उठून म्हणाला. "पण यांचं बोलणं खरं ठरतं ना? ते कसं?"

महाराज हसले. "आईची कृपा."

हॉलमध्ये मागे बसलेली मी उठले. "आईची नाही, माझी. तुमच्या अर्जात काय आहे ते मी नंदाला सांगत होते. नोकरी कुणाला, शिल्लक किती, आधी कोण बाहेर गेलंय. त्यावरून अकरा वर्षांच्या सवयीने कुणालाही अंदाज बांधता येतो. माझा चुकला की महाराजांचाही चुकायचा."

निलेश माझ्याकडे बघत राहिला. "आम्ही विश्वासाने कागद दिले होते तुला."

"हो," मी म्हटलं.

महाराज तांबे तिथेच टाकून मागच्या दाराने गेले. त्या आठवड्यात पुष्कळांनी माझ्या दुकानातून आपल्या फायली परत नेल्या. योग्यच केलं.

काकू घरी आल्यावर मी जाऊन सगळं सांगितलं आणि ते पत्र शब्दन् शब्द मराठीत वाचून दाखवलं. कमलताई शेजारी बसल्या होत्या.

"श्रुतिकाच्या शेजारचे तिकडचेच आजोबा गेल्या वर्षी गोव्याला आले," कमलताई म्हणाल्या. "घरबसल्या मोबाईलवर अर्ज, चार दिवसांत व्हिसा. ते काय तुमच्यापेक्षा पुण्यवान? त्यांचा देश श्रीमंत आहे, ते इथेच राहून जातील अशी कुणाला भीती नाही. आपल्याकडे पगार कमी, म्हणून आपला माणूस गेला की राहीलच, असं ते आधीच धरून चालतात."

काकूंनी पत्राची घडी घातली. "माजो घोव मालवणसून हंय गिरणीत इलो," त्या म्हणाल्या, "तेका कोणी इचारूक नाय, परत कधी जातलस म्हणान." मग माझ्याकडे वळल्या. "तुका ह्या सगळा तेव्हाच ठावक होता?"

"हो काकू."

"मगे सांगूक काय झाला?"



श्रुतिकाला मुलगी झाली. काकूंनी दुसऱ्यांदा अर्ज केला, मी सगळे कागद नीट लावून दिले, आणि तोही नाकारला गेला. पत्र मी वाचून दाखवलं. काकूंना वाईट वाटलं, पण त्यांनी गोळी घेतली, भात-आमटी जेवल्या आणि नातीला व्हिडिओवर बघत बसल्या. नवऱ्याचं नाव त्यात त्यांनी एकदाही काढलं नाही.

म्हणून सांगते, नकार आला तर तो कुणी दिला आणि का दिला, ते विचारा. दूर देशातल्या कचेरीतल्या निर्णयाचं कारण तुमच्या घरातल्या मेलेल्या माणसात शोधणारा कुणी भेटला, तर त्याच्या समोरून उठा. आणि माझ्यासारखं ज्यांना खरं कारण ठाऊक असतं, त्यांनी ते वेळेवर, समजेल अशा भाषेत सांगावं. मी उशीर केला, आणि त्या नऊ दिवसांची उपासमार काकूंनी भोगली.