फुग्यात जन्मलो, रापणीत वाढलो

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. मालवणच्या बाजारपेठेत सत्यवानचं नेट कॅफे आहे, तिथे खिडकीपासून तिसरं टेबल माझं. माझा रंग एकेकाळी पांढरा होता हे सांगितलं तर आता कोणी विश्वास ठेवणार नाही. खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजलेत, आणि सुरू व्हायला मला इतका वेळ लागतो की गिऱ्हाईक मध्ये चहा पिऊन येतं. तरीही माझी हकीकत ऐका. थोरामोठ्यांची चरित्रं तुम्ही वाचताच, एखाद्या खोक्याचंही वाचायला हरकत नाही.

माझा जन्म १९९९ साली मुंबईत, एका इंटरनेट कंपनीच्या कचेरीत झाला. जन्म म्हणजे काय, चार ठिकाणचे भाग आणून एका पेटीत बसवले. ती कंपनी फुलांपासून फर्निचरपर्यंत सगळं नेटवर विकणार होती. गुबगुबीत खुर्च्या होत्या, फुकट कॉफी होती, भिंतीवर रंगीत आलेख होते आणि ते सगळे वरच जात होते. फक्त विकत घेणारा माणूस कुठे दिसत नव्हता. पैसे घालणाऱ्यांच्या हे लक्षात यायला दोन वर्षं लागली. मग फुगा फुटला आणि एके सकाळी दाराला कुलूप लागलं. शेवटच्या पगाराऐवजी वस्तू घेऊन जा, असं नोकरमंडळींना सांगण्यात आलं. तिथे काम करणाऱ्या सत्यवानने आम्हा आठ कॉम्प्युटरांना घेतलं आणि मुंबईला मासळी उतरवून परतणाऱ्या रिकाम्या ट्रकमध्ये घालून गावी आणलं. महिनाभर माझ्या पंख्यातून बांगड्याचा वास येत होता.

सत्यवान माणूस भला. दर शनिवारी तो आमची झाकणं उघडी करायचा आणि सायकलच्या पंपाने धूळ उडवायचा. दहावीचे निकाल, रेल्वेची तिकिटं, जहाजावर गेलेल्या मुलांना पाठवायची पत्रं, सगळं आमच्यातून जायचं. आपल्या लेकाचा फोटो माझ्या पडद्यावर पाहून काचेवरून हात फिरवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. काच पुसताना सत्यवान कधी कुरकुरला नाही.

मग २००६ साली खेळ आला. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर झाकून शाकारलेल्या असतात आणि तरुण मंडळींना वेळ खायला उठतो. ती सगळी आमच्याकडे येऊ लागली. आमच्याकडच्या पाच जणांनी नेटवरून समोर आलेल्या पाच जणांशी लढायचं, असा तो खेळ होता. त्या गर्दीत संचिता होती. मालवणातच, दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या बाबलींची ती मुलगी. तंत्रनिकेतनात पदविकेचा अभ्यास करायची आणि माझ्याच टेबलावर बसायची.

मी तिचं कौतुक करणार आहे, आणि अगदी मनापासून करणार आहे. तिची बोटं चपळ होती, पण चपळ बोटं पुष्कळांची असतात. ती थांबायची. समोरचा उतावीळ होऊन पुढे येईपर्यंत ती पापणी हलवत नसे. तिने आपल्या चार साथीदारांना रापणीसारखं खेळायला शिकवलं. रापणीत जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढत आणतात. एक टोक घाईत ओढलं तर मासळी दुसरीकडून निसटते. म्हणून संचिता सारखी म्हणायची, "सवकास रे, दोर एकदम वडू नको." आणि समोरचे पाचही जण कधी घेरले गेले ते त्यांना कळायचंही नाही. एवढी वर्षं एवढे हात माझ्यावरून फिरले, पण तसा हात मी पुन्हा पाहिला नाही.

पणजीच्या स्पर्धेत ते पहिले आले. बक्षीस घेऊन परतल्यावर वाटणी झाली, तीही रापणीच्या रीतीने. दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला एक वाटा, आणि एक वाटा जाळ्याचा. जाळं फाटतं, ते शिवावं लागतं, म्हणून त्याचा वाटा आधी बाजूला काढतात. इथे जाळं कोण, तर आम्ही पाच कॉम्प्युटर. त्या वाट्यातून माझ्यात नवी मेमरी बसली आणि नवा पंखा आला. मुंबईच्या त्या कचेरीत मला कोणी साधा कपडाही मारला नव्हता. इथे मी हिस्सेदार झालो होतो. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

२००८ च्या पावसाळ्यात मुंबईच्या एका कंपनीचे साहेब आले. या खेळाची देशभर लीग निघणार होती. संघांना दरमहा पगार, राहायला खोल्या, सामने टीव्हीवर. मालवणच्या पाचही जणांनी तीन वर्षांच्या करारावर सही करून मुंबईला यायचं होतं. चौघांनी संचिताकडे पाहिलं. ती म्हणेल ते खरं, असं त्यांचं ठरलेलं होतं. तिचीच गोष्ट सगळ्यांत अवघड होती. अभ्यासाचं एक वर्ष सोडलं असतं तर जूनमध्ये पुन्हा वर्गात बसता आलं असतं. तीन वर्षं सोडली असती तर तिची जागा कायमची गेली असती.

बाबली अंगावरची वाळू झटकून दुकानात आले आणि स्टुलावर बसले.

"साहेबानू, एक इचारू? आमचे मासे लोक खातत म्हणान आमका पैशे मिळतत. तुमचो खेळ बघूक पैशे कोण देता?"

"आज कोणी देत नाही," साहेब मोकळेपणाने म्हणाले. "आज जाहिरातवाले देतात, आणि मोठे गुंतवणूकदार आहेत. पण दहा वर्षांत सगळा देश हा खेळ बघेल, माझा विश्वास आहे."

माणूस खोटारडा नव्हता. त्याचे डोळे चमकत होते, आणि तसे चमकणारे डोळे मी माझ्या जन्माच्या कचेरीतही पाहिले होते.

सत्यवान म्हणाला, "बाबलीदा, हो फुगो आसा. मी असल्याच फुग्यात बसान इलंय."

संचिता माझ्या कीबोर्डवर हात ठेवून बसली होती.

"फुगो आसा ता माका पण दिसता, काका," ती म्हणाली. "पण फुगो तेंच्या पैशांचो. खेळ फुगो नाय. एवढे चांगले खेळणारे एका जाग्यार परत कधी गावतले? तीन वर्सा मी देवचंय नाय. एक हंगाम देतलंय."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. असा करार होत नाही म्हणाले. त्यावर बाबलींनी एक अट घातली, जी मालवणबाहेरच्या माणसाला सुचलीच नसती. पगारात पाच वाटे माणसांचे आणि सहावा जाळ्याचा हवा. जाळं परक्याचं असलं तर आपण रापणकार राहत नाही, नुसते मजूर होतो, म्हणून मुलं आपलेच कॉम्प्युटर घेऊन येतील. साहेब आधी हसले. मग समोरचा माणूस गंभीर आहे हे पाहून त्यांनी बाहेर जाऊन मुंबईला फोन लावला. बराच वेळ बोलून आले आणि एक हंगाम आणि ही अट, दोन्हींना कबूल झाले. लीगमध्ये मुलगी कप्तान असलेला हा एकच संघ होता आणि जाहिरातीसाठी त्यांना तिचा फोटो हवा होता, हे मला पुढे कळलं.

आणि ज्या सत्यवानला हा सगळा फुगा वाटत होता, त्याने आपल्या आठांतले पाच कॉम्प्युटर काढून दिले. त्या हंगामात त्याचं दुकान तिघांवर चाललं. मला त्याने स्वतः गोणपाटात गुंडाळलं आणि कुडाळ स्टेशनावर संचिताच्या हवाली करताना सांगितलं, "हेका खारो वारो चलता, पण मुंबयची धूळ चलना नाय. पुसत ऱ्हव."

मुंबईतलं ते सभागृह मला अजून आठवतं. निळे दिवे, मोठे पडदे, चकचकीत नवे कॉम्प्युटर, आणि त्यांच्या रांगेत आम्ही पाच गंजके. लोक हसले. पहिल्या सामन्यानंतर हसायचे थांबले. दुसऱ्या संघांतली मुलंही काय खेळायची. इंदूर, नाशिक, गुवाहाटी, कुठून कुठून आली होती. एकमेकांना हरवायची आणि रात्री एकाच पातेल्यातला भात खायची. सामने पाहायला बाहेरचं कोणी फारसं येत नसे. पण जे खेळलं जात होतं ते अस्सल होतं.

फेब्रुवारीत फुगा फुटला. परदेशातल्या कुठल्या बँका बुडाल्या आणि त्या धक्क्याने जाहिरातवाले पळाले, असं म्हणत होते. अंतिम सामन्याच्या आधीच सभागृह बंद झालं. चकचकीत कॉम्प्युटर टेंपोत भरून गेले. खोल्यांचं भाडं थकलं होतं. इतर संघांतल्या मुलांनी तीन वर्षांच्या करारावर कॉलेजं सोडली होती, पगार येईल म्हणून उधारीवर राहिली होती. आता परतीच्या तिकिटालाही त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. गुवाहाटीचा एक मुलगा जिन्यात बसून होता. घरी काय सांगू, असं पुन्हा पुन्हा विचारत होता.

आम्हाला मात्र कोणी हात लावला नाही, कारण आम्ही आमचे होतो. आणि संचिताकडे जाळ्याचा वाटा साठलेला होता. त्यातून आम्हा पाचही जणांची आतली सगळी यंत्रणा नवी होणार होती. ती झाली नाही तर आमची नोकरी संपली, हे सत्यवानला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं.

तिने माझ्या शेजारी बसून दुकानात फोन लावला. मुलांची अवस्था सांगितली, जाळ्याचा वाटा त्यांच्या तिकिटांना देऊ का असं विचारलं, मग म्हणाली, "काका, समोरच्या टोकाचो दोर तेंच्याच हातात होतो. ते नसते तर आमची रापण इलीच नसती."

फोनमधून सत्यवानचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "मगे माका इचारतस कित्या?"

जाळ्याचा वाटा तिकिटांत गेला, शेवटच्या पैशापर्यंत. गुवाहाटीचा मुलगा निघताना मला दोनदा थोपटून गेला. जूनमध्ये संचिता पुन्हा वर्गात बसली. यंदा, २०१० साली, तिची पदविका पुरी होईल. त्या खेळात पुन्हा पैसा येईल का, आला तर टिकेल का, हे मला सांगता येणार नाही. मोठमोठ्या माणसांनाही ते आधी कळत नाही, मी तर एक खोका.

मित्रांनो, पुढच्या महिन्यात दुकानात नवे कॉम्प्युटर येणार आहेत. माझा नवा मेंदू कधीच आला नाही, त्याची मला खंत नाही. तुम्ही खेळा, मोठी स्वप्नंही बघा. फक्त आपल्या हातातलं हत्यार आपलं ठेवा, ते पुसत राहा, आणि डाव मोडला तर समोरून खेळणारा घरी कसा जाणार एवढं विचारा. मला थोपटून गेलेला तो मुलगा चार दिवसांचा प्रवास करून पोचला, आणि त्याच्या आईने दुकानात फोन करून, कोणाला कळेना अशा भाषेत, बराच वेळ काहीतरी सांगितलं. सत्यवान नुसता "हो, हो" म्हणत राहिला.