पाठीवरच्या दोऱ्या

अमेरिकेतल्या लोवेल गावी, कापडगिरणीशेजारच्या चर्चच्या सभागृहात त्या दुपारी आम्ही सगळ्या बायकाच होतो. व्याख्यान द्यायला आलेल्या पीझबाईंनी कागदाच्या लगद्याच्या स्त्रीपुतळ्याचं पोट उघडलं आणि आतलं गर्भाशय दाखवलं. कितीतरी जणींनी टोप्या डोळ्यांवर ओढल्या. दोघी तर उठूनच गेल्या.

माझी शेजारीण केझाया मात्र बघत राहिली. तिची आधीची बाळंतपणं अवेळी होऊन मुलं गेली होती आणि आता पुन्हा दिवस गेले होते.

"बाई, पोट आवळलं तर बाळ कुठं सरकतं?" तिनं विचारलं.

"सरकायला जागाच नसते गं."

"चारचौघांत पोट दिसू नये म्हणून आवळतोच की आम्ही," शेजारी बसलेली तिची सासू मेहिटाबेल फणकारली. "आम्हाला काय मुलं झाली नाहीत?"

"झाली, आई. पण जगली किती?"

म्हातारी सुनेकडे वळली. रोज सकाळी सुनेचा कॉर्सेट, तो पाठीवर दोऱ्यांनी बांधायचा ताठ कंबरपट्टा, तीच आवळायची. तिनं केझायाच्या झग्याची पाठीवरची बटणं सोडली आणि आत हात घालून दोऱ्या सैल केल्या.

"घे आता श्वास," ती म्हणाली.

पानगळीत, दिवस भरल्यावर, केझायाला मुलगी झाली. बाळाचं रडणं भिंतीपलीकडून मला ऐकू आलं.