रेंज मिळेल तिथे मुक्काम

घरगाडीची हौस वायरमनची. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या घरात दिवे लावण्यात गेली. निवृत्त होताच त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि वर्षभर खपून तिच्या पोटात अख्खा संसार बसवला. घडीचा पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, पाण्याची टाकी, ताटलीएवढं बेसिन. आता डोंगर बघायचे, समुद्र बघायचे, मन होईल तिथे मुक्काम करायचा, असा बेत होता. त्यांच्या बायकोने एकच अट घातली. रोज दुपारच्या चहाला ताईशी व्हिडिओवर बोलणं झालंच पाहिजे. जमणार नसेल तर गाडी आत्ताच विकून टाका.

या बायकोला सगळं गाव बाई म्हणे, कारण निम्म्या गावाला तिने बालवाडीत बोट धरून बसवलं होतं. नवराही बाईच म्हणायचा. चाळीसेक वर्षं संसार झाल्यावर सवय कोण मोडणार?

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. आई लवकर गेली. बाईंच्या वेण्या घालण्यापासून त्यांचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. आता ती लांबच्या एका शहरात, वृद्धांच्या निवासात होती आणि एकेक माणूस विसरत चालली होती. आधी शेजारी गेले, मग भाचरं गेली, मग स्वतःचं घर गेलं. मागच्या खेपेला बाई भेटायला गेल्या, तर ताई अदबीने म्हणाली, "बसा ना. कोणाकडे आलात आपण?" त्या दिवसापासून बाईंचं पाऊल तिकडे वळेना. फोन बरा, असं त्यांनी ठरवलं. रोज डोळ्यांसमोर दिसत राहिलं तर कधीतरी ताई ओळखेल, एकदा तरी ओळखेल, एवढ्या एका आशेवर त्यांचा दिवस निघायचा. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. पण आशा काय डॉक्टरांना विचारून करतात?

तर या आशेपायी वायरमनच्या हौसेचे पार बारा वाजले. त्यांनी टपावर अँटेना बसवला, आत राऊटर टांगला, दोन कंपन्यांची सिमकार्डं घातली. एकीने दगा दिला तर दुसरी असावी म्हणून. वर एक बूस्टरही घेतला. पण बूस्टरला मुळात चिमूटभर तरी रेंज लागते. शून्याला वाढवून तो काय करणार, कपाळ? म्हणून मग मुक्काम ठरायचा तो टॉवर बघून. दुपार कलायला लागली की वायरमन शिडी लावून टपावर चढायचे आणि फोन उंच धरून चारी दिशांना फिरायचे. खालून बाई विचारायच्या, "आली का?" जणू कोणी पाहुणी यायची होती. समुद्र मागे राहायचा, डोंगर मागे राहायचे, आणि गाडी उभी राहायची टायरच्या दुकानामागे, पेट्रोल पंपाच्या कडेला, एकदा तर मोठ्या गोदामाच्या कचराकुंडीशेजारी. तिथे मात्र दोन्ही सिमना भरभरून रेंज होती. "काय देखावा आहे," वायरमन म्हणाले आणि खुर्ची उलटी फिरवून बसले.

एवढं करून फोन लागायचा. निवासातली नर्स ताईसमोर टॅब ठेवायची. बाई पदर नीट करून, हसून, एकेक शब्द सुटा करून विचारायच्या, "ताई, ओळख पाहू. मी कोण?"

जन्मभर मुलांना चित्रं दाखवून हेच विचारलेलं. दुसरं सुचायचंच नाही. ताई बिचारी नर्सकडे बघायची, अभ्यास न केलेलं पोर शेजारच्याच्या पाटीत डोकावतं तशी. मग बाई खूण द्यायच्या, दुसरी खूण द्यायच्या, आणि शेवटी ताई तोंड फिरवायची. फोन बंद झाला की बाई बराच वेळ कप विसळत राहायच्या. वायरमनना कळायचं सगळं, पण बोलायची सोय नव्हती.

त्या दिवशी वायरमननी हट्टच धरला. दरीत एक तळं होतं, बरीच वर्षं त्यांच्या मनात होतं. मोबाईलवरच्या नकाशात तिथे रेंज दाखवली होती. "नकाशात आहे ना?" बाईंनी तीनदा विचारलं. "आहे गं बाई," वायरमन म्हणाले.

तळं खरंच सुरेख होतं. आणि रेंजचा ठणठणाट. वायरमन टपावर चढले, अँटेनाची काठी पुरती वर काढली, सिमकार्डं काढून फुंकर मारून पुन्हा घातली. चहा उकळून गार झाला. बाईंचा जीव टांगणीला लागला. "ती टॅबसमोर बसली असेल हो. एकटीच बघत असेल त्या काळ्या काचेकडे."

बायकोचा चेहरा बघून वायरमनना राहवलं नाही. "काळी काच नाही बघत ती. तुलाच बघतेय," ते म्हणाले. "नर्सकडे तुझा व्हिडिओ देऊन ठेवलाय मी. अशा वेळेसाठी."

"कसला व्हिडिओ?"

"मागे तू कांदे चिरत माझ्यावर तोंडसुख घेत होतीस बघ. गुपचूप काढला. फोन नाही लागला तर तोच लावा म्हणालो."

बाईंचा पारा असा चढला की तळ्यावरचे बगळेसुद्धा उडाले असतील. "माझ्या ताईला फसवता? माझ्या जागी माझं चित्र बसवता? आणि तेही कांदे चिरताना? उठा. गाडी वर घ्या. घाटमाथ्यावर घ्या."

वायरमननी मुकाट्याने गाडी काढली. मांडणीतली भांडी वाटभर खडखडत होती. माथ्यावर पोचल्यावर राऊटरचा हिरवा दिवा लागला. बाईंनी ताईच्या टॅबवर फोन लावला, तो लागेना. मग थेट नर्सलाच लावला.

"अहो, टॅबवर तुमचाच व्हिडिओ चालू आहे," नर्स दबक्या आवाजात म्हणाली. "हल्ली सकाळीसुद्धा मागतात त्या. इतक्या खुलतात ना! थांबा, दाखवते." आणि तिने फोनचा कॅमेरा फिरवला.

ताई टॅबला जवळजवळ नाक लावून बसली होती. आतून बाईंचाच आवाज येत होता, मोठा, भांडखोर, कोणाची पर्वा न करणारा: "...आणि स्क्रू कुठे ठेवतात, तर मिठाच्या डब्यात! उद्या भाजीत निघाला की खा म्हणावं!" ताई खो खो हसली. पदराने डोळे पुसले.

"अगं टिटवे," ती म्हणाली, "जरा श्वास घे की."

बाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. टिटवी हे नाव वायरमननाही ठाऊक नव्हतं. लहानपणी अंथरुणात बाईंची बडबड थांबेना की ताई चिमटा काढून असं म्हणायची. हे नाव घेणारं जगात दुसरं माणूस उरलं नव्हतं.

"टिटवे, कधी येशील गं?" ताईने विचारलं.

टॅबमधल्या बाई कांदा चिरत राहिल्या. ताई थांबली. उत्तराला वेळ दिला. "कामात आहेस का? बरं, बरं. पण ये."

माथ्यावरच्या गाडीत बाई तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. ज्या एका हाकेसाठी एवढे टॉवर पालथे घातले, ती हाक आली होती, आणि कांदे चिरणारीला मिळाली होती. त्या बयेला ओ द्यायचंसुद्धा कळत नव्हतं. बाईंना स्वतःचाच असा मत्सर वाटला की त्यांना रडू फुटलं.

व्हिडिओ संपला. "देऊ का फोन?" नर्सने विचारलं. बाईंनी मानेनेच हो म्हटलं.

ताईने फोन हातात घेतला, बाईंकडे नीट पाहिलं आणि चेहऱ्यावर ती जुनी अदब आली. "बसा ना," ती म्हणाली.

बाईंच्या जिभेवर नेहमीचा प्रश्न आला होता. तो त्यांनी आज गिळला. "बरी आहेस ना?"

"मी मजेत. तुमची चुकामूक झाली बघा. आत्ताच माझी धाकटी बोलून गेली."

"हो का? काय म्हणाली?"

"तिचं काय, नवऱ्याचं पुराण. तोंडाचा नुसता पट्टा. मी विचारते कधी येशील, तर ऐकतच नाही." ताई पुढे झुकली, आवाज खाली आणला. "तुम्ही तिकडच्याच दिसता. भेटली तर एवढं सांगाल तिला? म्हणावं, मी रोज दारात खुर्ची टाकून बसते."

"सांगते," बाई म्हणाल्या.

"विसराल तुम्ही."

"नाही विसरणार," बाई म्हणाल्या, आणि मोकळ्या हाताने त्यांनी नवऱ्याला गाडी सुरू करायची खूण केली.