मामांच्या आवाजाची किल्ली

ऑफिसात तिला सगळे तिजोरीबाई म्हणायचे. तिजोरी लोखंडाची नव्हे, दूरच्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरांवर भाड्यानं घेतलेली. प्रयोगशाळेचे सगळे पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या तिच्यात असायच्या आणि त्यांची राखण हिच्याकडे. बाई मोठी शिस्तीची. दुसऱ्याच्या टेबलावर उष्टा कप दिसला तरी हिला चैन पडत नसे. अशा माणसाच्या हातून काय बिघडणार, असं कुणालाही वाटेल. अहो, बिघडलं ते त्या शिस्तीपायीच.

प्रयोगशाळेचं काम असं, की ज्यांचा आवाज जाणार आहे त्यांचा आवाज आधीच साठवून ठेवायचा. घशाच्या ऑपरेशनआधी माणसाला काचेच्या खोलीत बसवून शेकडो वाक्यं वाचून घ्यायची आणि पुढे त्यावरून एक यंत्र तयार करायचं. माणसानं टाइप करावं, यंत्रानं त्याच्याच आवाजात बोलावं. तिचे मामाही त्या खोलीत बसून गेले होते. तिनंच त्यांना ओढून नेलं होतं.

मामा भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. आईबाप गेल्यावर ती त्यांच्याच घरात वाढली. मामांचं बोलणं कसलं, तोफखाना! पोरगी नापास झाली की सगळ्या गल्लीला कळायचं, पास झाली तरी कळायचं. घशात गाठ निघाली, डॉक्टर म्हणाले स्वरयंत्र काढावं लागेल, तेव्हा मामी रडल्या. मामा म्हणाले, बरंच झालं, आता निदान भांडणात तरी तू जिंकशील. मग काचेच्या खोलीत त्यांनी सगळी वाक्यं वाचली, एकेकाला नावं ठेवत. ही वाक्यं लिहिणाऱ्याला मी कांदेसुद्धा विकू देणार नाही, असंही म्हणून झालं. बाहेर बसून ती पोट धरून हसत होती.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं आणि आवाज गेला. फोनवर तयार यांत्रिक आवाज मिळत होता, पण मामांनी तो एकदा ऐकला आणि फोन पालथा घातला. माझा येईपर्यंत मी गप्प, असं पाटीवर लिहिलं आणि खरोखरच गप्प बसले. मामी रोज तिला विचारायच्या, यंत्र कधी? ती म्हणायची, आलंच.

आता त्या मेल्या दिवसाचं सांगायला हवं. तपासनीस यायचे होते, म्हणून तिनं तिजोरीतला कचरा काढायला घेतला. किल्ली शेवटची कधी वापरली, ते तिथे दिसतं. एका किल्लीला कित्येक महिने कुणी हातही लावला नव्हता. नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, ते देणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला. तिनं ऑफिसच्या ग्रुपवर विचारलं, ही कुणाची? कुणी हूं की चूं केलं नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहून तिनं ती पुसली.

नुसती पुसली असती तरी एक वेळ निभावलं असतं. पुसलेली किल्ली काही आठवडे केराच्या टोपलीत पडून राहते, मागितली की परत मिळते. पण तोवर त्याच नावाची नवी किल्ली करता येत नाही आणि तिथे नेहमी घोडं अडायचं. म्हणून तिच्या टीमला एक खोड लागली होती. पुसतानाच ‘कायमचं’ या चौकोनात खूण करून मोकळं व्हायचं. परत मिळणार नाही, खात्री असेल तर किल्लीचं नाव लिहा, असं तिजोरी बजावून विचारते. पण रोज विचारणाऱ्याचं कोण ऐकतं? तिनं नाव चिकटवलं, बटण दाबलं आणि चहाला गेली.

मामा आणि त्यांच्याबरोबर आवाज साठवून गेलेले बाकीचे, अशा एका तुकडीची ती किल्ली होती. इतके महिने कुणी वापरली नाही, कारण त्या तुकडीतल्या माणसांची ऑपरेशनं चालली होती, जखमा भरत होत्या. त्यांचे आवाज तोवर त्या किल्लीच्या कुलपात नीट ठेवून दिले होते, इतकंच.

पुढच्याच आठवड्यात ध्वनी विभागातला तंत्रज्ञ तिच्या टेबलापाशी आला. तुमच्या मामांचं यंत्र करायला घेतलंय, फाइल उघडत नाही, जरा बघता का? चेहऱ्यावर हसू होतं बिचाऱ्याच्या. तिनं पडद्यावर पाहिलं. फाइल जी किल्ली मागत होती तिचं नाव तेच, तिनं पुसलेलं.

मग तिनं जिवाचं रान केलं. रेकॉर्डिंगच्या तीन ठिकाणी प्रती होत्या, तिन्ही शाबूत आणि तिन्ही त्याच किल्लीनं बंद. किल्लीची प्रत मात्र कुठेच नव्हती. ती बाहेर ठेवायची नाही, हा नियम तिनंच घालून दिला होता. तिनं तिजोरीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता, तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, आम्हालाही उघडता येत नाही. येत असतं, तर तुम्ही आमच्याकडे ठेवलंच नसतं.”

तिला त्याचा धड रागही करता येईना. घरच्या फोनांतले जुने व्हिडिओ ध्वनी विभागातल्या त्या माणसानं ऐकून पाहिले. कुणाच्या तरी लग्नाच्या गोंगाटात ओरडलेली चार वाक्यं, त्यातून काय उभं राहणार? साहेब म्हणाले, चूक एकट्या तुझी नाही, बाकीच्या घरांना आम्ही कळवतो, तू तुझ्या घरी सांग.

ती दुपारीच घरी गेली. मामा खिडकीशी लसूण सोलत बसले होते. तिनं काही झाकलं नाही. किल्ली काय होती, ती कुणी पुसली, का परत येत नाही, सगळं एका दमात सांगितलं. मामांचे हात थांबले.

मामींनी पदरानं ओटा पुसला. म्हणाल्या, “एवढं तोंड काय पाडतेस? जाऊ दे गेलं ते. यांना पुन्हा नेऊन बसव, पुन्हा वाचतील.”

आपण काय म्हणालो ते मामींना मग उमगलं आणि त्या पाठ फिरवून ओट्यालाच धरून उभ्या राहिल्या.

मामांनी मान वर केली. त्यांचा चेहरा लाल झाला, बोट तिच्यावर रोखलं गेलं आणि तोंड उघडलं. ते तिला रागावू लागले. भुवया, हात, ओठ, सगळं रागाचंच होतं. गळ्याच्या भोकातून हवा तेवढी येत होती. ते थांबले नाहीत. जन्मात दिल्या नसतील इतक्या शिव्या बहुधा त्यांनी तिला दिल्या, नाहीतर वेडी पोर, असू दे, असंही म्हणाले असतील. तिला एक शब्द कळला नाही. ती समोर जमिनीवर बसून होती आणि त्यांचे ओठ थांबले की दर वेळी म्हणत होती, “हो मामा.”