सारिकाचा शेपटा

मित्रांनो, मी एक जुना शेपटा आहे. जनावराचा नव्हे, माणसाचा. किन्हवलीच्या सारिकाच्या डोक्यावर मी अकरा वर्षे वाढलो आणि पुढची अकरा वर्षे एका पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात निजून काढली. केसांना जीव नसतो असे म्हणतात. नसेलही. पण केसांना भीती असते, हे मी अनुभवाने सांगतो.

मला वाढवले सारिकाच्या आईने. तिचे नाव सकुबाई. तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती स्वतःच्या तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे. सोमवार, गुरुवार, शनिवार असे तिचे उपासाचे वार ठरलेले. पूजा झाली की ओटीवर बसून ती सारिकाला दोन गुडघ्यांमध्ये घ्यायची, खोबरेल लावायची आणि माझे तीन पेड घालून शेवटी लाल रिबीन बांधायची. तोंडाने देवाचे नाव चालूच असायचे. ते ऐकत ऐकत मी सारिकाच्या कमरेखाली उतरलो. शाळेच्या गॅदरिंगला बाईंनी मला हातात धरून सगळ्या वर्गाला दाखवले होते. शेजारची जिवलीमावशी म्हणायची, "सकू, तुज्या पोरीच्या पाठीवरनं नाग चाललाय गो!" मग सकुबाई घाईघाईने सारिकाच्या कानामागे काजळाचे बोट लावायची.

१९९५ च्या भाद्रपदात सारिकाला ताप आला, तो उतरेना. शहापूरच्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला. एकवीस दिवस ती अंथरुणावर होती. माझा असा गुंता झाला की फणी फिरेना. फिरवली तर केसांचे पुंजके निघत. शेवटी डॉक्टर म्हणाले, "कापून टाका, डोक्याला हलकं वाटेल." सकुबाईने मला वर आणि खाली काळा दोरा बांधला, डोळे मिटले आणि कात्री चालवली. सारिका रडली नाही. रडायला अंगात ताकद नव्हती. तिने फक्त हात मागे नेऊन मान चाचपली.

जिवलीमावशी म्हणाली, "नदीला सोड जा."

"नाय गो," सकुबाई म्हणाली. "पोरीचं केस हायत. कुनाच्या हातात गेलं, कुनी काय केलं मंजी?"

अशी माझी रवानगी पेटीत झाली. सकुबाई मला विसरली मात्र नाही. दर दिवाळीला पहिल्या आंघोळीच्या दिवशी ती पेटी उघडायची, गुंता सोडवायची आणि मला तेलाचे बोट लावायची.

बाहेर सारिका मोठी होत होती. तिला नवे केस आले, पण विरळ. भांगात टाळू दिसे आणि लांबी खांद्याखाली काही गेली नाही. ती बालवाडीत शिकवू लागली, पोरे तिच्या अंगाखांद्यावर खेळत. पण पाहायला आलेल्या दोन घरांनी तिच्या डोक्याकडे पाहूनच विचारले, "पोरीला काय आजार हाय का?" आणि दोन्हीकडून पुढे निरोप आला नाही.

तिसरे घर वैशाखरे गावचे. मुलगा ओमकार, मुरबाडला कारखान्यात होता. पाहुणे यायच्या सकाळी जिवलीमावशी म्हणाली, "पेटीतला शेपटा काढ. लाव पिना."

"खोटं व्हईल गो ते," सकुबाई म्हणाली.

"खोटं कसलं? तिचंच केस, तिच्याच डोक्याला!"

सकुबाईने पेटी उघडली. मी पुन्हा सारिकाच्या पाठीवर आलो, मित्रांनो, पण आनंद कुठला! ती पाया पडायला वाकली आणि माझ्या दोन पिना सरकल्या. मी जीव मुठीत धरून होतो. मुलाची आई धोंडीबाई कौतुकाने म्हणाली, "कवडा लांब शेपटा गो बाय! आमच्या गावात नाय कुनाचा असा."

सकुबाई पोह्यांच्या ताटलीकडे पाहत राहिली. लग्न ठरले. त्या दिवशी वार कुठलाच नव्हता, तरी सकुबाई जेवली नाही.

"आई, तू बोललीस कुठं खोटं?" सारिकाने विचारले.

"बोलली नाय. पन सांगितलं पन नाय ना."

आता खरी पंचाईत होती. पिना लावलेला शेपटा रोज काढावा लागतो. सासरी पहिल्यांदा केस धुतानाच सगळे उघडे पडले असते. तेव्हा जिवलीमावशीनेच बातमी आणली. वाशिंदला एक पार्लरवाली केसांना केस चिकटवते, म्हणे तीन महिने निघत नाहीत. "तीन महिन्यांत पोरगी घरातली व्हईल. मग कोन इचारतंय?"

चैत्रात मायलेकी मला पिशवीत घालून वाशिंदला गेल्या. पार्लरवालीचे नाव समीक्षा. तिच्याकडे एका कडीत निरनिराळ्या रंगांच्या बटा ओवलेल्या होत्या आणि पाकिटांतून सरळ, चकचकीत केस टांगलेले होते. ते पाहून माझे अवसान गेले. तिने मला उचलले, वास घेतला आणि म्हणाली, "काकू, हा शेपटा आहे का लोणचं? केवढं तेल!"

मग ती मला दारात उजेडात घेऊन गेली. सारिकाच्या केसांशेजारी धरले. पेटीत राहून मी किंचित तांबूस झालो होतो. तिने माझ्यावरून बोटे वरून खाली फिरवली, मग खालून वर. "एक मात्र बेस्ट आहे. एकाच वेळी कापलाय, त्यामुळे सगळी मुळं एका बाजूला आहेत. मुळं-शेंडे मिसळले की गुंता होतो. पाकिटापेक्षा हाच घेऊ. रंगाचा फरक आहे थोडा, तो खालच्या थरात लपेल."

माझी निवड झाली! पण तिचे पुढचे बोलणे ऐकून मी गार पडलो. तिने सारिकाच्या केसांत भांग पाडून पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझे केस नाजूक आहेत गं. वजन जास्त झालं तर मुळापासून तुटतील. बटा अगदी बारीक कराव्या लागतील. आणि आधी ट्रायल. लगेच नाही करणार मी."

म्हणजे मी तिला शोभा देणार होतो की तिचे उरलेसुरले केस ओढून नेणार होतो? सारिका मात्र आरशात पाहून म्हणाली, "करा तुमी."

मग माझी तयारी सुरू झाली. चार वेळा शाम्पूने धुऊन माझे अकरा वर्षांचे तेल काढले. दुभंगलेले शेंडे कापले. दोरा सोडून माझ्यातल्या तीन बारीक बटा वेगळ्या केल्या, त्यांच्या मुळांना डिंकासारख्या पदार्थाचे टोक बसवले आणि एका तापत्या चिमट्याने ती टोके सारिकाच्या उजव्या कानामागच्या केसांवर वितळवून, बोटांनी वळून घट्ट केली.

"आता आठ दिवस बघायचं," समीक्षा म्हणाली. "खाज आली, पुटकुळी आली तर करायचं नाही. बटा टिकल्या तर पुढच्या टायमाला सगळ्या लावू. डोकं धुऊन, वाळवून यायचं. आणि तेल अजिबात नाही. तेलानं टोक सुटतं."

"शनवारी तरी?" सकुबाईने विचारले.

"शनिवारी पण नाही, काकू."

मित्रांनो, सकुबाईने शनिवारचे का विचारले, ते सांगतो. सारिका तापातून उठली तेव्हापासून सकुबाईचा नेम होता. दर शनिवारी मारुतीला तेल वाहायचे आणि वाटीत उरलेले बोटभर तेल लेकीच्या टाळूवर घालायचे. अकरा वर्षांत एक शनिवार चुकला नव्हता. तो शनिवार आला तेव्हा ती वाटी हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहिली. एकदा वाटी देवळीत ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी म्हणाली, "टाळूवरच घालते गो. कानामागं कशाला जातंय? मारुतीचं तेल हाय."

सारिकाने मान खाली घातली. आईचा नेम मोडायचे तिच्याही मनात येईना.

पण चैत्राचे ऊन! टाळूवरचे तेल पाघळत पाघळत खाली आले. रविवारी माझ्या पहिल्या टोकाची पकड सैल झाली. सोमवारी दुसऱ्याची. मला सगळे कळत होते, सांगता मात्र येत नव्हते. सारिका कूस बदलायची तेव्हा मी तिच्या केसाला जिवाच्या आकांताने धरून राहायचो. तिची कानामागची कातडी लाल झाली होती, तेही मला दिसत होते. तिने ते कुणाला सांगितले नव्हते.

मंगळवारी सकाळी धोंडीबाई अचानक आली. बांगड्यांचे माप घ्यायला. सारिकाने डोक्यावर पदर घट्ट घेतला आणि ती पाया पडली. धोंडीबाईने मायेने दोन्ही हात पदराखाली घातले, तिच्या कानशिलांवरून कानांमागे बोटे फिरवली आणि स्वतःच्या कानशिलांवर मोडायला हात मागे घेतले.

बोटे मोडलीच नाहीत. तिच्या डाव्या हातात माझी एक बट आली होती.

"आगो बाय! केस हातात आलं!" ती बटेकडे पाहत म्हणाली. "माजी नदर लागली गो. तवा येवडं बोलली मी शेपट्याला. माजाच हात वाईट. धाकल्या जावेच्या पोराला घेतला तवा पन तो आजारी पडला व्हता..."

जिवलीमावशी धावत आली आणि पटकन म्हणाली, "उनाळ्यात जातात केस, त्यात काय!"

वेळ मारून नेता आली असती. सकुबाईने एकदा जिवलीकडे पाहिले, एकदा विहीणबाईंच्या बट धरलेल्या हाताकडे. मग तिने तो हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला.

"तुमचा हात वाईट नाय वो, विहीणबाई. आमीच खोटं वागलो. हे केस तिचंच, पन अकरा वर्सापूर्वीचं. चिकटवलंय." आणि तिने ताप, पेटी, पिना, पार्लर, सगळे सांगून टाकले.

धोंडीबाई ऐकत राहिली. पुढ्यातला चहा निवला, तिने त्याला हात लावला नाही. बांगड्यांचे मापही राहिले. माझी बट तिने पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "घरात दाखवाय लागंल," एवढेच बोलली आणि एस.टी.ला निघून गेली.

तीन दिवस निरोप आला नाही. माझा एक तुकडा वैशाखऱ्यात, दोन बटा सारिकाच्या कानामागे आणि उरलेला मी पिशवीत. सकुबाईचे ओठ सारखे हलत होते. सारिका बालवाडीत जाई, पोरांना गाणे शिकवी आणि घरी आली की दाराशी बसे. एका निरोपावर तिचा सगळा संसार टांगला होता. आणि त्या निरोपाच्या आड मी होतो.

शुक्रवारी ओमकार एकटाच आला. ओटीवर बसला. खिशातून कागदाची पुडी काढून सकुबाईपुढे ठेवली.

"आईनं दिलंय. बोलली, दुसऱ्याच्या पोरीचं केस आपल्या घरात ठेवू नये."

सकुबाईने पुडी उघडून माझी बट पाहिली. केस परत आले, म्हणजे सोयरीक मोडली. सारिका दाराची चौकट धरून उभी होती.

ओमकारने घाईघाईने हात हलवला. "तसं नाय, मावशी! लगीन हाय ते हायच. पन तिला राग आलाय. केसाचा नाय. ती बोलते, पोरगी येवडी आजारी व्हती, ते मला सांगाय नको? उद्या ताप भरला, तर मी कुनाला इचारू, काय करू?" मग सारिकाकडे न बघता म्हणाला, "तुमाला ते चिकटवायचं आसंल तर चिकटवा. आमचं कायच म्हननं नाय."

सारिकाने कानामागे हात नेला. मग म्हणाली, "दुखतं त्यानं. ओढतं. आठ दिस उजव्या कुशीवर झोपली नाय मी."

"मंग नको," ओमकार म्हणाला.

त्याच आठवड्यात समीक्षाने उरलेल्या दोन बटा जपून सोडवल्या आणि मला एका पट्टीला शिवून दिले, हवे तेव्हा बांधावे, हवे तेव्हा काढावे असे. हळदीच्या दिवशी सवाष्णींनी सारिकाच्या डोक्यावर मनसोक्त तेल घातले. लग्नात मी तिच्या पाठीवर होतो, अबोलीच्या गजऱ्यासकट. वैशाखऱ्याला पोहोचल्यावर, संध्याकाळी घर बायकांनी भरलेले असताना, तिने हात मागे नेला. मग मला सोडून मांडीवर घेतले.

एक छोटी पुतणी ओरडली, "काकूचा शेपटा निघाला!" सगळ्या हसल्या.

"हस गो हस," धोंडीबाई म्हणाली, "तुजं दात पन आसंच निघालं व्हतं मागच्या सालात."

पुतणीने चटकन तोंडावर हात ठेवला. यावेळी सारिकाही हसली. तिच्या मांडीवर मला ते हसणे कळत होते. धोंडीबाईने मला तिच्याकडून घेतले, झटकले आणि सगळ्यांना दिसेल अशा खुंटीवर टांगले.

मित्रांनो, अजूनही मी तिथेच आहे. सणावाराला पाठीवर जातो, एरवी खुंटीवर असतो. मला जपायचे फार कठीण नाही. धुऊन, वाळवून, शेंड्याकडून वर विंचरले की मी खूश. पण माझे एक मागणे आहे. आजाराने किंवा औषधाने केस गेलेली एखादी मुलगी तुमच्या वर्गात असेल, तुमच्या आळीत असेल. ती भर उन्हाळ्यातही डोक्यावर ओढणी घेऊन कोपऱ्यात बसत असेल. तिची ओढणी गंमत म्हणूनही ओढू नका. शेजारी जागा असली, तर जाऊन बसा.