भावाच्या कारखान्याला सील

धाकट्या भावाच्या रंगाच्या कारखान्यामागच्या नाल्याचं पाणी तपासणीत नापास झालं. राज्याच्या प्रदूषण खात्यातली त्याची थोरली बहीण बंदचा आदेश घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेली.

त्याने केंद्राच्या नियमांचा कागद टेबलावर आपटला. "यांच्या मर्यादेत बसतोय मी. तू कोण लागून गेलीस?"

"केंद्राने ठरवलंय ते कमीत कमी. राज्य त्याहून कडक नियम करू शकतं, आणि केलाय. सही कर."

"यापुढे माझ्या घरची पायरी चढू नकोस, ताई."

"सही कर."

त्याने सही केली आणि पेन तिच्या अंगावर फेकलं. साडीवर शाई उडाली. तिने ती पुसलीही नाही. तशीच जाऊन तिने नाल्याकडच्या पाइपला सील ठोकलं.