सर्व्हिसिंगहून आलेली गाडी

सर्व्हिसिंगहून आल्यापासून गाडी पेट्रोल नुसती ढोसत होती, आणि बेबीताईंचं म्हणणं कोणी मनावर घेत नव्हतं.

एरवी टाकी भरली की अमरावती-अकोला जाऊन-येऊन तीन फेऱ्या आरामात व्हायच्या. दर गुरुवारी एक. आता तिसऱ्या फेरीला मूर्तिजापूर येईतो काटा लाल रेघेवर टेकायचा. पंप तोच, रस्ता तोच, चालवणारीही तीच.

“चालवणारी तीच राहिली नाई ना, आई,” शेखर म्हणाला. “क्लचवर पाय ठेवून चालवतं तू. वय झालं का होतेच तसं.”

बेबीताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या गाडी शिकल्या तेव्हा हा शेखर जन्मायचा होता. अमरावतीचं सायन्सकोर मैदान, यजमानांची जुनी फियाट, आणि बाई गाडी चालवते म्हणून कडेला जमलेले बघे. “क्लच म्हणजे पाळण्याची दोरी नव्हे, पाय काढा,” असं यजमान सगळ्यांदेखत ओरडले होते. तेव्हा जो पाय निघाला तो कायमचा. पुढे शाळेतल्या नोकरीची सगळी वर्षं, यजमानांच्या आजारपणात नागपूरच्या खेपा, सगळं त्यांनी स्वतः चालवत केलं. बडनेऱ्याच्या पुढे रस्त्यावर दोन्हीकडून कडुनिंबांची कमान होती तेव्हापासून हा रस्ता त्यांच्या हाताखाली होता. झाडं गेली, चौपदरी झाला, पण वळणं त्यांना अजून पाठ होती.

सुनेला, रागिणीला विचारलं, तर ती म्हणाली, “एसी लावता ना आई तुम्ही.” एसी मागच्या मे महिन्यातही लावला होता. शेजारचे नत्थुजी कुंपणावरूनच म्हणाले, “आजकाल पेट्रोलच भेसळीचं येऊन राहिलं, वहिनी. इथेनॉल टाकतात त्यात.” मग ते इथेनॉल सर्व्हिसिंगच्याच दिवशी कसं आलं, असं विचारल्यावर ते झाडांना पाणी घालायला वळले. सर्व्हिस सेंटरवाल्यानं तर फोनवर “उन्हाळ्यात होते तसं, मॅडम” म्हणून विषयच संपवला. जो तो कारण देत होता, बॉनेट मात्र कोणी उघडत नव्हतं.

त्यात शेखरनं परतवाड्याचं एक गिऱ्हाईक पाहून ठेवलं. रविवारी गाडी बघायला येणार होतं. “एवढी पेट्रोल खाणारी गाडी ठेवून काय करतं? अकोल्याले एसटीनं जात जा.”

एसटीच्या पायऱ्या बेबीताईंच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे जाणंच बंद.

अकोल्याला ताजनापेठेत खातूनबी राहायची. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या. दोन वर्षांत खातूनबीची नजर पार गेली होती. गुरुवारी बेबीताई तिला आठवड्याचा पेपर वाचून दाखवायच्या आणि मग दोघी बातम्यांवरून भांडायच्या. त्या गुरुवारी पेपर उघडलाच गेला नाही.

“शेखर गाडी विकून राहिला,” बेबीताई म्हणाल्या.

“काहून?”

“पेट्रोल लय खाते म्हणून.”

खातूनबी खुदकन हसली. “लग्नात वरातीले दोन घोडे आणणारा पोट्टा तो. एक थकला तर दुसरा पाहिजे म्हणे. त्याले कधीपासून पेट्रोलची फिकर लागली? मले तर दुसरंच दिसते.”

“तुले दिसते?”

“तेवढं दिसते, बाई.”

बेबीताईंना थट्टा सुचत नव्हती. त्या चिडूनच उठल्या. गल्लीतून गाडी वळवताना स्टिअरिंग त्यांना जड लागलं. सकाळीही लागलं होतं, पण तेव्हा त्यांनी उन्हाला आणि मनगटाला दोष दिला होता. शहराबाहेरच्या पंपावर त्यांनी हवा तपासायला सांगितली.

“चोवीस आहे, मावशी.”

“कोणत्या चाकात?”

“चारीत.”

बेबीताईंनी दार उघडून चौकटीवरचा कागद वाचला. तेहेतीस. एका चाकातली हवा कमी झाली तर खिळा म्हणता येतो. चारी चाकांत मोजून सारखीच कमी, म्हणजे कोणीतरी ती काढली होती.

हवा भरून घेतली आणि गाडी सावलीला लावून त्यांनी सर्व्हिस सेंटरला पुन्हा फोन लावला. या वेळी काउंटरवरची मोनाली होती.

“हो मॅडम, मला आठवते ना. शेखर सर स्वतः उभे होते. आई अकोल्याला जाते, तिकडं शेहेचाळीसच्या वर ऊन असते, टायर तापून फुटतात, हवा कमी ठेवा म्हणाले. आणि पातळ ऑइल उन्हात टिकत नाही म्हणून जाड टाकायला लावलं. आम्ही सांगून पाहिलं त्यांना.”

हे अकोल्याच्या उन्हाचं शास्त्र बेबीताईंनी लहानपणापासून ऐकलं होतं. एप्रिल लागला की सायकलचीसुद्धा हवा सोडणारी माणसं त्यांनी पाहिली होती. पण हवा कमी असली की टायर जमिनीला चिकटून चालतो, उलट जास्त तापतो. इंजिन ओढून ओढून दमतं, त्यात तेल जाड. एवढं केलं पोरानं, आणि नाव आईच्या पायाचं!

घरी आल्यावर त्यांनी चप्पलही काढली नाही.

“शेखर, चाकातली हवा तू काढायले लावली?”

शेखर जेवायला बसला होता. “हो. मग? रस्त्यात टायर फुटला असता तर?”

“त्याच्यानंच पेट्रोल खाऊन राहिली ती! जाड तेलही तुहंच. आणि मले क्लच शिकवतं?”

“बरं, असंन. चुकलं माहं.”

“मग गिऱ्हाइकाले नाई म्हणून सांग.”

शेखरनं घास ताटात ठेवला. “नाई सांगत. गाडीनं वीसचा ॲव्हरेज दिला तरी नाई. तू एकटी त्या ट्रकांमधून जातं, आणि तुहा फोन येईपर्यंत माह्या दुकानात माहं मन राहत नाई.”

एवढे दिवस बेबीताई ज्याच्याशी झगडल्या तो मुद्दाच नव्हता. पंपावरचं, मोनालीचं, तेहेतीसचं, सगळं वाया. त्यांना रडू आलं नाही, राग आला.

“मग तसं सांगायचं ना! माह्या पायाले काहून बोल लावला? भेतो म्हणून सांगितलं असतं तर मी ऐकलं तरी असतं.”

“ऐकलं असतं?”

“नाई,” बेबीताई म्हणाल्या. “पण भांडता तरी आलं असतं.”

रागिणी स्वयंपाकघरात हसली. तोंडात पदर कोंबला तरी ऐकू आलंच.

गाडी बेबीताईंच्या नावावर होती. त्यांनीच परतवाड्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेल बदलून आणलं. आणि गुरुवारी सकाळी शेखरच्या दुकानासमोर गाडी उभी करून पलीकडचं दार उघडलं.

“बस. अकोल्यापर्यंत पाह्य, मी कशी चालवते ते. मग जे बोलायचं ते बोल.”

बडनेऱ्यापर्यंत शेखर पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होता. “आई, ट्रक आहे.” “दिसते मले.” “आई, हळू.” “हळूच आहे.” “आई, तो पाह्य, उजवीकडून—” “शेखर, तोंडाले कुलूप लाव, नाईतर उतर लोणीले.”

लोणी गाव मागं गेलं. मूर्तिजापूर आलं, काटा अजून बराच वर होता. बेबीताईंनी ते दाखवायला मान वळवली नाही, नजर रस्त्यावर ठेवून नुसतं बोट दाखवलं. “पाह्य, कुठं आहे काटा.”

कुरणखेडच्या पुढे एका ट्रकला ओलांडून गाडी डाव्या बाजूला आल्यावर त्यांनी एक क्षण बाजूला पाहिलं. शेखरची मान खांद्यावर पडली होती, तोंड उघडं होतं, तो घोरत होता.

“पाहायले आणला,” बेबीताई वैतागून पुटपुटल्या, “तर हा झोपला.”